एक वाक्य काढा म्हणे! (कला, नीती, राजकारण वगैरे)

तिसरी घंटा:

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज लिहायची वेळ आली.

आमचा दहा-बारा जणांचा हौशी ग्रुप आहे. नोकऱ्या सांभाळून वर्षाला एक एकांकिका करतो, बक्षीस क्वचित, चहा भरपूर. यंदाची एकांकिका चाळीतल्या नळावर आहे. त्यात एक चाळिशीतली विधवा आहे, जिभेची तिखट, आणि तिच्या तोंडी एक वाक्य आहे ज्याच्यावर तालमीत हमखास हशा पडतो. आयोजकांकडे संहिता दिली, चार दिवसांनी फोन आला. "नाटक फार छान, फक्त तेवढं वाक्य काढा. विधवा बाईच्या तोंडी शोभत नाही, फॅमिली ऑडियन्स असतो." बरं, त्याच नाटकात एक नवरा बायकोला दोनदा मुस्काटात देतो, ते मात्र फॅमिली ऑडियन्सला चालतं.

मग दुसरीकडून कळलं की प्रमुख पाहुणे तिथले नगरसेवक आहेत, आणि वाक्यात "साहेब" असा शब्द आहे. आता मला कळेना की हरकत विधवेची आहे की साहेबांची.

ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो काढा, प्रयोग झाला पाहिजे, एका वाक्याने काही क्रांती होत नाही. दुसरा म्हणतो आज वाक्य, उद्या पात्र, परवा नाटकच. दिग्दर्शक मी, त्यामुळे दोन्ही तट मलाच फोन करतात, तेही रात्री साडेअकराला.

प्रश्न असा की लिहिणाऱ्या-करणाऱ्याने नीतीचा आणि राजकारणाचा विचार करावा का, आणि करायचा तर कुणाच्या नीतीचा? प्रयोगाला तीन आठवडे आहेत.

खडूस:

वाक्य काय आहे ते आधी सांगा, मग तत्त्वज्ञान.

तिसरी घंटा:

आत्ता नाही सांगत, आयोजकांपैकी एकजण इथे आयडी घेऊन आहे असा संशय आहे.

खडूस:

म्हणजे तुम्ही स्वतःच सेन्सॉर केलंत. धागा बंद करा.

जुनी पायरी:

तिसरी घंटा, तुमचा प्रश्न वाचून तेंडुलकरांचं 'गिधाडे' नाटक आठवलं. १९७० ची गोष्ट. त्यात माणिकचा गर्भ पोटात लाथा घालून पाडतात आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. परिनिरीक्षण मंडळाने (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरने) लाल डागाला हरकत घेतली. लाथेला नव्हे, डागाला! मग डॉ. श्रीराम लागू वगैरे मंडळींनी काय केलं, तर डाग निळा केला आणि प्रयोगाआधी सांगायचं की हा डाग निळा आहे, तो कृपया लाल समजावा. आता सांगा, हे ऐकल्यावर लाल रंगाशिवाय कुणाच्या डोळ्यासमोर काय येणार?

तुमचं पण तेच आहे. मुस्काटात चालते, वाक्य चालत नाही.

दोनच वर्षांनी तेंडुलकरांचंच 'सखाराम बाइंडर' आलं, निळू फुले, लालन सारंग. कापायच्या जागांची ही मोठी यादी दिली होती मंडळाने. दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. ते १९७२ साल म्हणजे राज्यात दुष्काळ, लोक खडी फोडायला जातायत, गावंच्या गावं पाण्यावाचून, आणि आमच्या घरी वडीलधाऱ्यांची चर्चा काय, तर त्या नाटकातल्या चंपाच्या पदराची. मी लहान होतो, मला वाटायचं चंपा म्हणजे आमच्या नात्यातली कुणी आहे की काय, इतकं तिचं नाव निघायचं.

रिकामा कप:

+१. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. धागा शंभरी गाठणार.

अर्धविराम:

मी थोडी वेगळी बाजू मांडतो, आधीच सांगतो मी संस्कृतिरक्षक नाही.

"कलेला नीतीशी काय देणंघेणं" हे वाक्य मला पोकळ वाटतं. नाटक समोर बसलेल्या माणसांसाठीच करताय ना? मग त्यांच्यावर परिणाम होतो हे धरूनच करताय. चांगला परिणाम झाला की म्हणायचं बघा कलेची ताकद, आणि वाईट झाला की म्हणायचं ही तर फक्त कला. हे चीत भी मेरी पट भी मेरी झालं. फडके-खांडेकरांपासून हा वाद चाललाय, कलेसाठी कला की जीवनासाठी कला, आणि गंमत म्हणजे दोघांच्याही कादंबऱ्या लोक प्रेमप्रकरणांसाठीच वाचत होते.

खडूस:

शेवटच्या वाक्यासाठी तुम्हाला उभं राहून सलाम. बाकी पटलं नाही.

वकीलकाका:

(मी वकील आहे पण फौजदारी करत नाही, तेव्हा चूकभूल देणेघेणे.)

आधी एक तांत्रिक. तिसरी घंटा, संहितेला मंडळाचं प्रमाणपत्र आहे ना? असेल तर आयोजकाला कायद्याने काही बोलता येत नाही. पण हॉल त्याचा आहे, त्यामुळे कायदा घेऊन काय करणार.

लोकांना वाटतं की सरकार गळा दाबतं. आपल्याकडच्या केसेस पाहिल्या तर सुरुवात पुष्कळदा साध्या वाचकापासून होते. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या एका दिवाळी अंकात आली. तक्रार एका खासगी गृहस्थाची, समाजाच्या भल्याची काळजी असलेला. खालच्या कोर्टात सुटका, हायकोर्टात शिक्षा, दंड किती तर पंचवीस रुपये. त्या पंचवीस रुपयांसाठी काकोडकर सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९६९ मध्ये निर्दोष सुटले. गोष्ट कुणाला आज आठवत नाही, पण निकाल अजून वकील वाचतात. मर्ढेकरांवरही कवितांसाठी अश्लीलतेचा खटला झाला होता, तेही सुटले.

सगळे सुटतात असं नाही हां. र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'साठी १९३४ मध्ये कोर्टात खुद्द बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, आणि केस हरले. माणूस संततिनियमनावर मासिक चालवत होता, त्यात कुणी कादंबरी लिहीत नव्हतं! आणि अगदी अलीकडचं म्हणजे 'गांधी मला भेटला' ही कविता. कविता जुनी, ती १९९४ मध्ये एका बँक कर्मचारी संघटनेच्या अंकात पुन्हा छापली आणि खटला चालत चालत २०१५ ला सुप्रीम कोर्टात. तिथे कोर्ट म्हणालं की ऐतिहासिक थोर पुरुषाच्या तोंडी असे शब्द घातले की अश्लीलतेची मोजपट्टी आणखी कडक होते. म्हणजे शब्द तोच, पण कोण बोलतंय त्यावर गुन्हा.

विधवेच्या तोंडी शोभत नाही, याचंच हे मोठं भावंड. असं मला वाटतं बुवा.

रिकामा कप:

वकीलकाका फी किती?

वकीलकाका:

पंचवीस रुपये.

माळावरची बाभळ:

वकीलकाकांचा शेवटचा मुद्दा भारी आहे. कोण बोलतंय त्यावरच सगळं असतं.

नामदेव ढसाळांचा कवितासंग्रह 'गोलपिठा', तोही १९७२ चाच. प्रस्तावना तेंडुलकरांची, आणि त्यात ते सरळ विचारतात की या कवितेतल्या अमुक शब्दाचा अर्थ मला लागत नाही. ज्या शब्दांना पांढरपेशे शिवी म्हणत होते ती ढसाळांच्या वस्तीतली रोजची बोली होती. तिथे "अश्लील" म्हणणं हे नीतीचं मत नव्हतंच, तुम्ही कुठे राहता त्याचं मत होतं. आणि आपण जेव्हा "भाषा सभ्य हवी" म्हणतो तेव्हा सभ्य म्हणजे कुणाची ते बोलत नाही.

अर्धविराम:

बाभळ, मान्य. पण मग याच ढसाळांचं पुढचं काय करायचं? दलित पँथर काढणारा माणूस आणीबाणीत इंदिरा गांधींवर कविता लिहितो, पुढे शिवसेनेच्या मुखपत्रात सदर चालवतो. त्यांचं राजकारण नाही पटलं तर 'गोलपिठा' परत कपाटात ठेवायचा का? मी तर नाही ठेवणार. मग तोच न्याय मला न आवडणाऱ्या विचारांच्या लेखकाला द्यायला मी तयार आहे का? प्रामाणिकपणे सांगतो, नाही. तिथे माझा हात आखडतो.

माळावरची बाभळ:

कवितेने मला माझी गल्ली दाखवली. नंतर कवी कुठल्या स्टेजवर बसला त्याने गल्ली बदलत नाही. माणसाला मात्र प्रश्न विचारले आम्ही, तोंडावर विचारले.

प्रॉम्प्टर:

इथे सगळे सेन्सॉर म्हणजे व्हिलन असं धरून चाललेत म्हणून एक भर. खाडिलकरांचं 'कीचकवध' १९०७ चं. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे देश, धर्मराज म्हणजे मवाळ आणि भीम म्हणजे जहाल, पिटातल्या शेवटच्या माणसाला सुद्धा कळत होतं. सरकारला बंदी घालायला १९१० उजाडलं. खरं म्हणजे १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा हातात होताच, पण महाभारतावर बंदी घालायची म्हणजे आधी कबूल करायला लागतं ना, की तो कीचक आम्हीच! तीन वर्षं त्या पेचात गेली असणार, हा आपला माझा अंदाज.

तिसरी घंटा, तुमच्या आयोजकांचं सेम आहे. "साहेब" शब्दाला हरकत घेतली तर साहेब कोण ते मान्य करावं लागतं. विधवेला हरकत घेणं सोपं. राजकारणाला उघडं फिरायची लाज वाटते म्हणून ते नीतीचा सदरा घालतं.

खडूस:

प्रॉम्प्टर, शेवटचं वाक्य तुमचं की संहितेतलं?

प्रॉम्प्टर:

विंगेतून जे ऐकू येतं ते सगळं माझंच.

नंदिनी र:

सगळा धागा वाचला. माहिती छान. पण एवढ्या प्रतिसादांत त्या विधवेचं काम करणाऱ्या बाईला काय वाटतं हे कुणी विचारलेलं नाही. धागाकर्त्याने पण नाही.

मी कॉलेजात असताना एक एकांकिका केली होती, त्यात मला केसाला धरून ओढायचा सीन होता. दिग्दर्शक म्हणायचा खरं वाटलं पाहिजे, आणि खरं वाटावं म्हणून खरंच ओढायचे. पंधरा तालमी, पंधरा वेळा. मी एकदा म्हटलं की दुखतंय, तर म्हणाला "ही भूमिकेची गरज आहे, तू मध्यमवर्गीय नीतीतून बाहेर ये." बक्षीस मिळालं, अभिनयाचं, त्याला. तेव्हापासून "कलेसाठी" हा शब्द कानावर आला की माझा हात आपोआप केसांकडे जातो.

मी बंदीच्या बाजूची नाही. 'बाइंडर'वर बंदी नकोच होती. पण तुम्ही सगळे नीती म्हणजे स्टेजवर काय दिसतं एवढंच धरताय. तालमीच्या हॉलमध्ये काय होतं ती नीती नाही का? निळा डाग की लाल डाग हा मजेदार किस्सा आहे, पण त्या डागाची साडी नेसून रोज कुणीतरी उभं राहत होतं.

आणि तिसरी घंटा, तुमच्या नाटकातल्या त्या दोन मुस्काटात. खऱ्या मारता का हो?

रिकामा कप:

पॉपकॉर्न खाली ठेवलं.

जुनी पायरी:

नंदिनीताई, मी तो किस्सा आजवर निदान पन्नास वेळा सांगितला असेल. साडी नेसणाऱ्या बाईंचा विचार एकदाही आला नाही डोक्यात. खरंच नाही आला.

तिसरी घंटा:

नंदिनीताई, खरं सांगतो. पहिली खोटी असते, दुसरी बायकोचं काम करणारीला थोडी लागते. तिनेच सांगितलं होतं की हात सैल सोडू नको, खोटं दिसतं. पण मी विचारलं नव्हतं हे खरं. आणि विधवेचं काम करणारीलाही वाक्याबद्दल विचारलेलं नाही. उद्या तालीम आहे.

टाळ्यांचा ठेका:

"तिनेच सांगितलं होतं" हे वाक्य सगळे दिग्दर्शक कुठल्या शिबिरात शिकतात?

अर्धविराम:

ठेका, जरा नरमाईने घ्या, माणसाने कबूल तरी केलं.

मूळ मुद्द्यावर. १९७५ चं कराडचं साहित्य संमेलन आठवा. आणीबाणी लागलेली, केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण तिथे हजर, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत इंदिराबाईंना विरोध करणाऱ्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावतात. पुढे तुरुंगातही गेल्या. आता दुर्गाबाईंचं सगळं लेखन पाहिलं तर ऋतू, लोककथा, भरतकाम, स्वयंपाक. राजकीय असं त्यात किती? पण त्या दिवशी त्या मांडवात सगळ्यात राजकीय माणूस त्याच होत्या. म्हणून कलाकृती राजकीय असलीच पाहिजे हा हट्ट मला नाही पटत. वेळ आली की करणाऱ्याला पाय रोवता आला पाहिजे, बस.

खडूस:

आणि ज्यांचे पाय आधीच रोवलेले आहेत, सरकारी कमिटीच्या खुर्चीखाली?

अर्धविराम:

त्यांच्यासाठी वेगळा धागा काढा, हा पुरणार नाही.

प्रॉम्प्टर:

अवांतर: सरकार आणि मंडळ बाजूला ठेवा, लेखकच लेखकाला काय करतात बघा. भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'वर सगळ्यात जोरात तुटून कोण पडलं, तर आचार्य अत्रे. ज्या माणसाने विडंबनापासून अग्रलेखापर्यंत कुणाची भीडभाड ठेवली नाही त्याला नाक्यावरच्या पोरांची भाषा सहन होईना.

तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'चं पण तसंच. १६ डिसेंबर १९७२ ला पहिला प्रयोग, एकोणीस प्रयोगांनंतर बंद कुणी केलं, तर ते करणाऱ्या पुण्याच्या पीडीए या नाट्यसंस्थेनेच, आतल्या आत. सरकार नव्हतं त्यात. मग त्यातल्या मंडळींनी थिएटर अकॅडमी काढली आणि नाटक पुढे जर्मनीपर्यंत नेलं. म्हणून म्हणतो, पहिला "एक वाक्य काढा" नेहमी आपल्यातलाच असतो.

शेजारचा फ्लॅट:

मी नाटकवाला नाही, पण मी नगरसेवकाच्या ऑफिसात काम केलंय काही वर्षं. एक सांगू? साहेबांना असल्या वाक्याचं काही वाटत नाही. साहेबांपर्यंत ते पोचतच नाही. घाबरतात ते मधले, हॉल बुक करणारे, बॅनर लावणारे. साहेबांच्या भावना नक्की किती नाजूक आहेत याचा अंदाज मधले लोक बांधतात आणि दोन बोटं वरच बांधतात. बाकी तुमचं चालू द्या.

वकीलकाका:

हा प्रतिसाद कोर्टात पुरावा म्हणून चालेल.

*(अठरा दिवसांनी)*

खडूस:

धागा वर काढतोय. तिसरी घंटा कुठे गेले? प्रयोग झाला का? आणि वाक्य?

रिकामा कप:

कापलं असणार. वाक्य नाही, धागाकर्त्याला.

तिसरी घंटा:

आहे, आहे. काल रात्री प्रयोग झाला, आत्ता जरा झोप झाली.

वाक्य सांगतो, आता काय. नळाला पाणी आलेलं बघून ती म्हणते: "साहेब येणार असले की पाणी येतं. मग साहेबांनी रोज यावं की! दिवसा लाज वाटत असंल तर रात्रीचं यावं."

खडूस:

एवढंच???

टाळ्यांचा ठेका:

अरे पण यात दोन्ही आहे! विधवा पण आणि साहेब पण. आयोजक बिचारे खरोखर गोंधळले असतील.

तिसरी घंटा:

हो ना. आम्हालाही धागा वाचल्यावर ते जास्त कळलं. लेखकाला विचारलं तर तो म्हणतो मला फक्त पाण्याचं म्हणायचं होतं. तो नेहमी असंच म्हणतो.

तर नंदिनीताईंच्या प्रतिसादानंतर तालमीत विधवेचं काम करणारीला विचारलं. म्हणाली, "मला ते वाक्य पहिल्यापासून आवडलं नव्हतं. रात्रीचं यावं वर तुम्ही पुरुष हसता ते मला कळतं. पण आता त्यांनी काढा म्हटलंय ना, आता मी म्हणणार." दोन्ही तटांकडे याला उत्तर नव्हतं. फक्त म्हणायची पद्धत तिने बदलली. आधी मुरका होता, आता हंडा भरता भरता, कुणाकडे न बघता. आयोजकांना मी सांगितलं की प्रमाणपत्र मिळालेली संहिता आहे तशी करणार, नको असेल तर आत्ताच सांगा. ते गप्प बसले. पत्रिका छापून झाल्या होत्या हे खरं कारण.

प्रयोगात वाक्य आलं. हशा आधीच्या निम्मा. आणि पहिल्या रांगेत सगळ्यात मोठ्याने कोण हसलं, तर साहेब! नुसते हसले नाहीत, नंतर भाषणात म्हणाले, "ताई म्हणतात साहेबांनी रात्रीचं यावं, तर मी चोवीस तास तुमच्या सेवेत आहे." टाळ्या कडाडल्या. आयोजक मला येऊन म्हणतात, काय वाक्य लिहिलंय! तीन आठवडे ज्याच्यावर भांडलो ते साहेबांनी एका मिनिटात खिशात घातलं. मला अजून कळत नाहीये की आम्ही जिंकलो की काय झालं.

शेजारचा फ्लॅट:

सांगितलं होतं. आता ते वाक्य फ्लेक्सवर दिसेल.

प्रॉम्प्टर:

कर्झनला ही अक्कल असती तर 'कीचकवध'ला पहिल्या रांगेत येऊन बसला असता.

नंदिनी र:

आणि ती मुस्काटात?

तिसरी घंटा:

विंगेत नेली. दोघंही आत जातात, स्टेज रिकामं, नळ चालू, फक्त आवाज येतो. काल तिथे थिएटर एकदम शांत होतं.

एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. तालमीत हशा त्या वाक्यावर यायचाच, पण दुसऱ्या मुस्काटातीवर पण यायचा. आणि मी ती जागा "लाफ्टर" म्हणून संहितेत पेन्सिलने मार्क करून ठेवली होती.

जुनी पायरी:

पुढचा प्रयोग कधी ते इथे टाका, मी येतो.